आवाज उसना, घंटी आपली

मिस कॉल ही आपल्या लोकांनी फोनला लावलेली सवय. ‘पोचलो’, ‘खाली ये’, ‘आता तू कर’, एवढं सगळं एका घंटीत सांगून व्हायचं आणि पैसा एक लागायचा नाही. आज डेटा स्वस्त झाला, कॉल जवळपास फुकट झाले, तरी शब्द टिकून आहे. या सवयीमुळे फोनच्या तंत्रातली एक मूळ गोष्ट प्रत्येकाच्या अनुभवाची झाली: घंटी पोचते तेव्हा आवाज अजून निघालेलाही नसतो. कोणी कोणाला बोलावलं, समोरचा जागेवर आहे का, त्यानं उचललं की कापलं, हा सगळा व्यवहार एका यंत्रणेचा. आणि उचलल्यानंतर इकडचा शब्द तिकडे नेणं हे दुसऱ्या यंत्रणेचं काम. तंत्रज्ञ पहिलीला सिग्नलिंग म्हणतात, दुसरीला मीडिया. इथे आपण त्यांना घंटी आणि आवाज म्हणू. मोबाइल ॲपमध्ये इंटरनेटवरून बोलायची सोय बसवताना बाहेरच्या कंपनीचं तयार प्लगइन घ्यावं का, या प्रश्नाचं उत्तर याच फरकात आहे असं माझं म्हणणं आहे. आवाज उसना घ्यावा, बिनदिक्कत घ्यावा. घंटी मात्र आपली ठेवावी.

इंदुरात हा प्रश्न रोजचा आहे. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिसची आवारं उभी राहिली त्याच्या आधीपासून इन्फोबीन्स, यश टेक्नॉलॉजीज, सिस्टँगो, सायबर इन्फ्रास्ट्रक्चर या कंपन्या इथे बसून परदेशातल्या ग्राहकांची सॉफ्टवेअरं बनवत आल्या आहेत. त्यांच्या भोवती, विजयनगर आणि पलासियाच्या इमारतींत, दहा-वीस माणसांच्या लहान कंपन्या आहेत. त्यांच्याकडे येणारं काम ठरावीक चालीचं असतं: एक डॉक्टरी सल्ल्याचं ॲप, एक शिकवणीचं, एक घरपोच सामानाचं, आणि प्रत्येकाच्या यादीत एक ओळ, ‘ॲपमधूनच कॉल करता यावा.’ शिवाय हे शहर या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना आहे. दुसऱ्यांच्या ॲपला ओटीपी, एसएमएस आणि व्हॉइसची सेवा जोडून देणारं एमएसजी९१ हे वॉकओव्हर कंपनीचं व्यासपीठ इंदूरचंच. उसनं घेणारेही इथलेच आणि उसनं देणारेही. म्हणून काय उसनं घ्यावं आणि काय घेऊ नये याचा विचार इथे जास्त नेटानं व्हायला हवा.

प्लगइन म्हणजे दुसऱ्यानं लिहून, तपासून, बांधून ठेवलेला कोडचा गठ्ठा. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्हमध्ये ॲप लिहिणारा माणूस प्रकल्पाच्या यादीत त्याचं नाव घालतो, सेवा देणाऱ्या कंपनीकडे खातं उघडून किल्ली घेतो, वीस-तीस ओळी लिहितो, आणि संध्याकाळपर्यंत टेबलावरचे दोन फोन एकमेकांशी बोलू लागतात. अगोरा, ट्विलिओ, झेगोक्लाउड अशा कंपन्या हा माल विकतात. लाइव्हकिट आणि जित्सी यांसारखी मुक्त सॉफ्टवेअरं स्वतःच्या सर्व्हरवरही चालवता येतात. हिशेब बहुधा माणशी मिनिटांचा असतो: दोघं दहा मिनिटं बोलले की वीस मिनिटं मोजली जातात. ग्राहकाला पहिलं बिल येतं तेव्हा ही गोष्ट त्याला नवी वाटू नये एवढी काळजी आधीच घ्यावी.

आवाज उसना घ्यावा असं का, ते त्याच्या तपशिलात गेल्याशिवाय पटणार नाही. विजयनगरच्या एका घरातून रामबागेतल्या घरी कोणी ‘हॅलो’ म्हणतं. जुन्या टेलिफोनच्या जी.७११ पद्धतीत, जी १९७२ मध्ये मानक झाली, आवाजाची सेकंदाला ८,००० मोजमापं घेत आणि प्रत्येकाला ८ बिट देत. म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. आज बहुतेक ॲप्स ओपस ही पद्धत वापरतात. स्काइपची सिल्क आणि झिफ संस्थेची सेल्ट या दोन पद्धती एकत्र करून ती बनली आणि २०१२ मध्ये मानक झाली. नेट कसं आहे ते पाहून ती सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० पर्यंत कमी-जास्त होते, आणि २४ किलोबिटमध्येसुद्धा जुन्या फोनपेक्षा स्वच्छ ऐकू येतं. हा आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी निघतो, सेकंदाला ५० पाकिटं. प्रत्येक पाकिटावर पत्ता आणि अनुक्रम यांचे ४० बाइट चढतात, म्हणजे सेकंदाला आणखी १६ किलोबिट. चोवीसच्या मालाला सोळाचं वेष्टन. मिनिटाला एका दिशेनं साधारण ३०० किलोबाइट झाले. दहा मिनिटांच्या गप्पांना दोन्ही बाजू धरून सहा एमबी. डेटाच्या खर्चाची भीती इथे फारशी उरत नाही.

अडचण वेगळीच आहे. ही पाकिटं ज्या क्रमानं निघाली त्या क्रमानं पोचत नाहीत. काही रेंगाळतात, काही हरवतात. पत्र किंवा फोटो असता तर हरवलेला तुकडा परत मागवता आला असता. बोलण्यात तसं चालत नाही, कारण उशिरा आलेला शब्द हरवलेल्या शब्दाइतकाच निरुपयोगी. म्हणून ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये एक छोटं साठवण असतं. ते पाकिटं थोडी अडवून धरतं, ओळीत लावतं, आणि एखादं आलंच नाही तर आधीच्या स्वरावरून मधली फट भरून काढतं. फार थांबलं तर संभाषण रेंगाळतं, थांबलं नाही तर तुटक होतं; त्यामुळे स्वराची पट्टी न बदलता बोलणं किंचित ताणणं किंवा आवळणं अशी कारागिरी ते क्षणाक्षणाला करत राहतं. प्रतिध्वनी हे आणखी एक दुखणं. स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून बाहेर पडलेला समोरच्याचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि त्याला स्वतःचंच बोलणं मागून ऐकू येतं. ते पुसायचं तर त्या फोनचा स्पीकर आणि मायक्रोफोन यांच्यात नेमका किती उशीर आहे ते कळावं लागतं, आणि हा उशीर अँड्रॉइडच्या प्रत्येक मॉडेलला वेगळा.

ही विद्या साठायला फार वर्षं लागली. ग्लोबल आयपी सोल्युशन्स नावाची कंपनी नेमका हाच उद्योग करत होती. पाकिटं ओळीत लावणारं तिचं नेटइक्यू हे तंत्र नावाजलेलं होतं. गूगलनं २०१० मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि २०११ मध्ये तो सगळा कोड वेबआरटीसी या नावानं मोकळा केला. जानेवारी २०२१ मध्ये वेबआरटीसी हे वेबचं अधिकृत मानक झालं. आज बाजारातली कितीतरी प्लगइनं याच इंजिनाला वेष्टन घालून विकली जातात. इंदूरच्या चार हुशार मुलांनी, ती एसजीएसआयटीएसची असोत की आयआयटीची, प्रतिध्वनी पुसणारा कोड नव्यानं लिहायला बसावं यात त्यांचाही तोटा आणि ग्राहकाचाही. शंभर प्रकारच्या फोनांवर, पावसाळ्यातल्या दगाबाज नेटवर, हजारो तास ऐकून घेतल्याशिवाय हा कोड पक्का होत नाही, आणि ते ऐकून घेण्याचं काम दुसऱ्यांनी केलेलं आहे.

उसना आवाज घेतानाही एक प्रश्न विचारायचा राहून जातो: तुमचा मधला सर्व्हर कुठे आहे? मोबाइल कंपन्यांकडे इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे असल्यामुळे हजारो फोन एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेले असतात. विजयनगरचा फोन आणि रामबागेतला फोन यांना एकमेकांचा थेट पत्ता कित्येकदा सापडतच नाही. ॲप आधी स्टन नावाच्या सर्व्हरला विचारतं, ‘बाहेरून माझा पत्ता काय दिसतो?’ थेट वाट जुळली तर ठीक. नाही जुळली तर टर्न नावाचा मध्यस्थ सर्व्हर दोघांची पाकिटं इकडून तिकडे देतो. खूप प्लगइनं तर थेट वाटेच्या भानगडीत न पडता सगळंच आपल्या सर्व्हरवरून नेतात. आता हिशेब करून बघा. काचेच्या तंतूतून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. मध्यस्थ मुंबईत असेल तर इंदूरहून तिथवर जायला तीन-चार मिलिसेकंद, वळणं-थांबे धरले तरी फार झालं नाही. तोच अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर एका दिशेचं अंतर जवळपास १३,००० किलोमीटर, म्हणजे ६५ मिलिसेकंद, आणि आवाजाला तिथे जाऊन परत इंदुरातच यायचं आहे: १३० मिलिसेकंद, तेही तंतू सरळ रेषेत टाकला असता तर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणं सहज वाटतं. तुकडा भरायला लागलेले २० आणि साठवणातले निदान ४० मिळवले की ती मर्यादा ओलांडली. दोन मोहल्ल्यांतली माणसं एकमेकांचं बोलणं तोडत राहतात, आणि दोष ‘इंदूरच्या नेट’ला दिला जातो. मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रं मुंबईत आणि पुण्यात कित्येक वर्षं आहेत. प्लगइनच्या सेटिंगमध्ये प्रदेश निवडायची एक ओळ असते, ती भरायची राहू नये.

आता घंटीकडे येऊ. समोरच्याचा फोन खिशात आहे, पडदा काळा आहे, ॲप उघडलेलं नाही. बॅटरी वाचावी म्हणून फोनच्या प्रणालीनं त्या ॲपला झोपवून ठेवलं आहे. त्याला उठवायचे आपल्याकडचे रस्ते व्यवहारात दोनच: आयफोनवर ॲपलची पुश सेवा, अँड्रॉइडवर गूगलची फायरबेस. ॲपलनं २०१६ मध्ये कॉलकिट आणून बाहेरच्या ॲपचा कॉलही नेहमीच्या फोनसारखा वाजू दिला. मग २०१९ मध्ये, आयओएस १३ पासून, नियम कडक केला. कॉलसाठीचा पुश मिळाला की ॲपनं ताबडतोब कॉलकिटला कळवून घंटी वाजवलीच पाहिजे. नाही वाजवली तर प्रणाली ते ॲप बंद करते आणि वारंवार तसं झालं तर पुश पोचवायचंच थांबवते. अँड्रॉइडवर वेगळं संकट. कित्येक कंपन्यांचे फोन बॅटरीसाठी स्वतःचे जादा निर्बंध लावतात, त्यात घंटी अडकते. पडदाभर दिसणाऱ्या सूचनेची परवानगी अँड्रॉइड १४ पासून मुख्यतः कॉल आणि गजर यांच्या ॲप्ससाठी राखली गेली आहे. आणि एक बारीक गोष्ट आहे जी हमखास विसरली जाते. फायरबेसच्या निरोपाला मुदत घातली नाही तर तो चार आठवड्यांपर्यंत पोचवायचा प्रयत्न होत राहतो. पेशंटनं दुपारी डॉक्टरांना कॉल केला, डॉक्टरांचा फोन बंद होता, आणि रात्री तो चालू केल्याबरोबर दुपारची घंटी वाजू लागली. उचलावं तर पलीकडे कोणी नाही. अशी दोन-तीनदा फसगत झाली की माणूस त्या ॲपची घंटी ऐकून न ऐकल्यासारखी करतो. निरोपाला तीस सेकंदांची मुदत घालणं ही एका ओळीची गोष्ट आहे, पण ती ओळ कुठे लिहायची हे घंटी ज्याच्या ताब्यात आहे त्यालाच ठरवता येतं.

घंटीचं काम केवळ वाजण्याचं नाही. ही ऑर्डर अजून चालू आहे का, म्हणजे सामान पोचवून झाल्यावर त्या मुलानं ग्राहक बाईंना कॉल करायचा अधिकार उरतो का? या पेशंटची वेळ खरंच ठरलेली आहे का? या विद्यार्थ्याच्या पालकांनी त्या शिक्षकाला अडवून ठेवलं आहे का? या प्रश्नांची उत्तरं ॲपच्या मालकापाशी असतात. आवाज नेणाऱ्या कंपनीला ती ठाऊक नसतात, आणि ठाऊक असूही नयेत.

घंटी बिघडली तर काय होतं याचे दाखले नामांकित ॲप्समध्येच आहेत. जानेवारी २०१९ मध्ये फेसटाइमच्या गट-कॉलमध्ये असा दोष निघाला की समोरच्यानं फोन उचलण्याआधीच त्याच्या खोलीतला आवाज कॉल करणाऱ्याला ऐकू येई. तो लक्षात आणून देणाऱ्यांत अमेरिकेतला एक चौदा वर्षांचा मुलगा होता. त्यानंतर गूगलच्या प्रोजेक्ट झीरो गटातल्या नताली सिल्वानोविच यांनी इतर ॲप्स तपासायला घेतली. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. सिग्नल, गूगल डुओ, फेसबुक मेसेंजर, व्हिएतनामचं मोचा आणि आपल्याकडचं जिओचॅट, या पाचांत असे दोष सापडले होते की कॉल करणारा, समोरच्यानं काही न दाबताच, त्याच्या फोनला आवाज किंवा चित्र पाठवायला लावू शकत होता. सगळे दोष तोवर दुरुस्त झाले होते. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे ते दोषांचं ठिकाण. आवाज नेणाऱ्या वेबआरटीसीच्या इंजिनात ते नव्हते. ते होते ‘आता वाजतंय’, ‘आता उचललं’, ‘आता जोडलं’ या अवस्थांच्या हिशेबात. सिग्नलमधला प्रकार तर समजायला अगदी सोपा आहे: ‘समोरच्यानं उचललं, जोडून दे’ हा निरोप कॉल करणाऱ्याच्या फोनला यायचा असतो, तोच निरोप उलट कॉल घेणाऱ्याच्या फोनला पाठवला तर तो फोन, आपण कोणत्या बाजूला आहोत हे न तपासता, जोडून टाकत होता.

यावरून कोणी उलटा युक्तिवाद करेल, आणि तो हलका नाही. एवढ्या मोठ्या कंपन्यांचीही घंटी चुकली, तर लहान कंपनीनं ती स्वतः लिहायचा हट्ट का धरावा? तीही उसनीच घ्यावी. आज घंटी, पडदा, बटणं, सगळंच तयार देणारे संच मिळतात. मी हा आक्षेप अर्धा मान्य करतो. फोन उठवायचा, कॉलकिटशी बोलायचा कोड तयार मिळत असेल तर जरूर वापरावा. पण कोणी कोणाला केव्हा कॉल करू शकतं आणि कोणत्या क्षणापासून मायक्रोफोन सुरू होतो, हा निर्णय आपल्या सर्व्हरवर आणि आपल्या कोडमध्ये राहायला हवा. तो बाहेर दिला म्हणून जबाबदारी जात नाही. दिसेनाशी होते इतकंच. अगोराच्या बाबतीत २०२१ च्या फेब्रुवारीत दोन गोष्टी पुढे आल्या. क्लबहाउस हे ‘खोल्यां’त जमून बोलायचं ॲप आवाजासाठी अगोरावर अवलंबून होतं, आणि स्टॅनफर्डच्या इंटरनेट ऑब्झर्व्हेटरीनं दाखवलं की वापरणाऱ्याचा क्रमांक आणि खोलीचा क्रमांक उघड्या मजकुरात जात होते. त्याच महिन्यात मॅकॅफीच्या संशोधकांनी सांगितलं की अगोराच्या जुन्या आवृत्त्यांत कॉल जोडताना लागणारी ओळखही तशीच उघडी जात होती. कंपनीनं ती त्रुटी डिसेंबर २०२० मध्ये दूर केली होती. गैरवापर झाल्याचं आढळलं नाही. तरी ज्यांनी ते प्लगइन बसवलं होतं त्या भेटीगाठींच्या आणि डॉक्टरी सल्ल्याच्या ॲप्सना आपल्या कॉलच्या किल्ल्या उघड्यावरून जातात हे आधी कळलं नव्हतं. ज्यांनी आवृत्ती वेळेवर बदलली नाही त्यांच्यासाठी ती दुरुस्ती झालीच नाही.

किल्लीबद्दल इथेच सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त होणारी चूक तीच. डेमो लवकर व्हावा म्हणून सेवा देणाऱ्या कंपनीची गुप्त किल्ली थेट ॲपच्या कोडमध्ये लिहितात आणि नंतर ती तिथेच राहते. अँड्रॉइडचं ॲप कोणालाही उलगडून वाचता येतं. किल्ली सापडली की परका माणूस आपल्या खात्यावर बोलू शकतो आणि आपल्या खोल्यांत शिरू शकतो. रीत अशी हवी की किल्ली आपल्या सर्व्हरवरच असेल, तो आधी माणूस ओळखेल, कॉलचा हक्क तपासेल, आणि त्या एका कॉलपुरता, थोड्या मुदतीचा परवाना देईल. परवाना देणारा हा सर्व्हर म्हणजेच आपली घंटी.

घंटी ज्याच्या हातात त्याच्या हातात धंदा, ही गोष्ट टेलिफोनइतकीच जुनी आहे. अमेरिकेत आल्मन स्ट्रोजर नावाचा अंत्यविधीचा व्यावसायिक होता. एक्स्चेंजमध्ये बसणारी बाई आपल्या गिऱ्हाइकांचे फोन प्रतिस्पर्ध्याकडे जोडते असा त्याला संशय होता, असं सांगतात. चिडून त्यानं माणसाशिवाय फोन जोडणारं यंत्र बनवलं आणि १८९१ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. तारा पूर्वीच्याच राहिल्या, आवाजही तसाच राहिला. बदललं ते जोडणीवरचं नियंत्रण.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा. ग्राहक दोन आठवडे देतो, त्यात स्वतःची घंटी कुठून आणायची? हा आक्षेप इंदूरच्या लहान कंपन्यांकडून आला तर मी तो फार गांभीर्यानं घेईन, कारण त्यांचा नफा तासांच्या हिशेबावर चालतो. पण स्वतःची घंटी म्हणजे काही स्वतःचं एक्स्चेंज नव्हे. सर्व्हरवर एक तक्ता: कोणी, कोणाला, केव्हा, आणि आता कोणती अवस्था. ॲपमध्ये प्लगइनच्या आणि आपल्या कोडच्या मध्ये एक पातळ थर, ज्यात ‘जोड’, ‘तोड’, ‘आवाज बंद’, ‘स्पीकर’ एवढीच आपली नावं. बाकीचं ॲप फक्त या थराशी बोलेल. प्लगइनचं नाव त्या एका फाइलच्या बाहेर कुठेच येणार नाही. दोन आठवड्यांतले दोन-तीन दिवस यात जातील. ते वाया जात नाहीत हे २०२३ च्या डिसेंबरात कळलं, जेव्हा ट्विलिओनं आपली व्हिडिओ सेवा बंद करणार म्हणून वर्षभराची मुदत दिली. पुढे मुदत वाढली आणि २०२४ संपायच्या आत निर्णयच मागे घेतला गेला. पण तोवर ज्यांची बटणं थेट त्या प्लगइनला जोडलेली होती त्यांना दुसरीकडे जायची घाई करावी लागली. स्काइप तर २००३ पासून घराघरात पोचलेलं नाव. पुण्या-इंदुरातल्या कितीतरी आजी-आजोबांनी अमेरिकेतली नातवंडं आधी त्यावरच पाहिली. ५ मे २०२५ ला ते बंद झालं.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे: ॲपमध्ये कॉल हवाच कशाला? साधा फोन आहे, वॉट्सॲपवर तर २०१५ पासून बोलता येतं. कित्येक ॲप्सच्या बाबतीत हे बरोबर आहे आणि तसं ग्राहकाला सांगण्याचा प्रामाणिकपणा हवा. पण साध्या फोनला नंबर द्यावा लागतो. सामान आणणाऱ्या मुलाकडे घरातल्या बाईचा नंबर राहतो, पेशंटकडे डॉक्टरांचा आणि क्लासच्या शिक्षकाकडे मुलीचा. ॲपमधला कॉल नंबर न देता होतो आणि काम संपलं की वाट बंद होते. त्याचं खरं मोल इथे आहे. नंबर झाकून साधा फोन जोडून देणाऱ्या सेवाही आहेत, आणि जिथे समोरच्याकडे स्मार्टफोन किंवा नेट असेलच असं नाही तिथे त्याच बऱ्या. मात्र ॲपमधून थेट कोणाच्याही मोबाइल नंबरवर कॉल लावायची हौस करताना कायदा बघावा. भारतात इंटरनेटवरून बोलायला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. संगणकावरून देशातल्या साध्या फोनला जोडणं त्यात नव्हतं. २०१८ मध्ये इंटरनेट टेलिफोनीची दारं उघडली ती परवानाधारक दूरसंचार कंपन्यांसाठी. ॲप ते ॲप बोलणं वेगळं आणि ॲपमधून फोनच्या जाळ्यात शिरणं वेगळं; दुसऱ्यासाठी परवाना असलेल्या कंपनीमार्फतच जावं लागतं.

कायद्याची दुसरी बाजू तर उसन्या मालाच्या मुळाशीच जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आठव्या कलमाचा अर्थ सरळ आहे: लोकांचा डेटा ज्यानं आपल्या कामासाठी घेतला तो, प्रक्रिया दुसऱ्याकडून करून घेतली तरी, स्वतः जबाबदार. दुसऱ्याला काम द्यायचं ते रीतसर करारानंच. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षानं लागू व्हायची आहेत. म्हणजे प्लगइन देणाऱ्याला विचारायच्या गोष्टी आता कराराच्या मजकुरात यायला हव्यात. कोण कोणाशी किती वेळ बोललं याची नोंद कुठे राहते, किती दिवस? रेकॉर्डिंग होतं का, आणि घंटी वाजण्याआधी दोघांना ते सांगितलं जातं का? मधला सर्व्हर आवाज उलगडू शकतो का? वेबआरटीसीमध्ये आवाज गुप्त केल्याशिवाय जातच नाही हे खरं. पण दोन फोन थेट किंवा टर्नमार्फत जोडलेले असतील तरच ती गुप्तता या टोकापासून त्या टोकापर्यंत राहते. सेवा देणाऱ्या कंपनीचा मीडिया सर्व्हर मध्ये असेल तर तिथे आवाज साधारणतः उघडून पुन्हा बांधला जातो. ‘आमचे कॉल एनक्रिप्टेड आहेत’ हे वाक्य दोन्ही ठिकाणी लिहिता येतं, आणि ॲपच्या माहितीत ते लिहिणाऱ्याला आपण कोणत्या ठिकाणी आहोत ते माहीत असायला हवं.

ॲप ग्राहकाच्या हवाली करण्याआधी एक संध्याकाळ दोन फोन घेऊन घालवावी: एक आयफोन आणि एक तीन वर्षं जुना, स्वस्तातला अँड्रॉइड. दुसरा कुलूप लावून अर्धा तास तसाच पडू द्यावा आणि मग कॉल करावा. ऑफिसच्या वायफायवर बोलणं सुरू करून बोलत बोलत पलासियाच्या रस्त्यावर उतरावं. वायफाय सुटून मोबाइल नेट लागतं तिथे आवाज दोन-तीन सेकंदांत परत येतो का ते ऐकावं. दोघांनी एकाच क्षणी एकमेकांना कॉल लावून पाहावा. शेवटी जुना फोन विमान मोडवर टाकावा, त्याला कॉल करावा, उचलायची वाट न पाहता कापावा, आणि पाच मिनिटांनी त्याचं नेट चालू करावं. घंटी वाजता कामा नये. पडद्यावर एवढंच यावं: मिस कॉल, पाच मिनिटांपूर्वी, आणि शेजारी करणाऱ्याचं नाव.